दर्शनाच्या अकरा कॅसेटी

रविवार, २३ जून २००२
आजपासून वही लिहायची. दर्शनाच्या भूगोलाच्या वहीत मागची पानं कोरी आहेत. मी चौथी शिकलेय, तेवढं पुरे. नात दहावी पास झाली आणि कल्याणला गेली, आईबापाकडे, कॉलेजला. दोन वर्षांची होती तेव्हापासून माझ्याजवळ होती. जाताना टेप आणि बुटाच्या खोक्यात अकरा इंग्रजी कॅसेटी इथंच ठेवल्या. माणूस आवडीची वस्तू ठेवून जातं ते परत यायलाच.
सून अनिता रागावलेय म्हणतात. मी तिला काय बोलले नाय. चार बायकांत एवढंच म्हणाले की जन्म कुणीपण देतं, वाढवायला छाती लागते. त्यात रागवायचं काय?
ठराव: रोज एक कॅसेट ऐकायची. दर्शना म्हणायची, आजी, जगात सगळ्यात जास्त खपलेले आल्बम आहेत हे. गणपतीला आली की आमाला बोलायला विषय होईल.

बुधवार, २६ जून, दुपार
पहिली ऐकली. चित्रात चार बाप्ये एका रांगेत रस्ता ओलांडतायत, त्यात एक अनवाणी. म्हसाच्या जत्रेत घोंगड्या खपत नाय एवढा यांचा माल खपला आणि एकाला चप्पल नाय. देवळातून चोरीला गेली असेल. गाणी चांगली. भाषा कळत नाय, अर्थ कळतो. एकाला सकाळ झाल्याचा आनंद झालेला आहे.
उद्या दुसरी.

रविवार, ७ जुलै
मध्ये ऐकायला जमलं नाय. भाताची लावणी होती. मग वीज नव्हती. मग सेल संपले, ते उन्हात ठेवायचे तर ऊन नाय. चुलीजवळ ठेवले, एक फुगला.
आज दुसरी लावली. काळं चित्र, त्रिकोणातून इंद्रधनुष्य. आधी छातीचे ठोके ऐकू येतात, मग एकदम दहा घड्याळं ठणाणा वाजतात. आबा, म्हणजे आमचे मालक, चहा पीत होते. सगळा चहा धोतरावर. म्हणाले, हे गाणं आहे का गजर? मी म्हटलं, तुमाला ज्ञान नाय.
दहाला कोंडूच्या दुकानातल्या फोनवर दर्शनाचा फोन यायचा असतो. आज बारापर्यंत बसले. लाइन खराब असणार.

रविवार, २१ जुलै
तिसऱ्या कॅसेटीत शेवटी एक बाप्या भुतासारखा हसतो. शेजारची धोंडीबाई मीठमिरच्या घेऊन आली, आमच्या घरावरून उतरवायला.
चौथी दर्शनाची लाडकी. तिनेच सांगितलेलं, त्यात दोन जोडपी आहेत, दोन्ही मोडलेली, तरी एकत्र उभी राहून एकमेकांवर गायली. मला पटलं. भांडण झालं म्हणून काम सोडायचं नसतं. अनिताला फोन करावा असं वाटलं. कोंडूच्या दुकानापर्यंत गेलेपण. तिथे गर्दी होती. तीन माणसं म्हणजे गर्दीच.

रविवार, १५ सप्टेंबर
गणपतीला सावळाराम, माझा मुलगा, एकटाच आला. दर्शनाचा क्लास होता म्हणे. मोदक डब्यात भरून दिले.
बाकीच्या सात ऐकायच्या राहिल्यात. पण चार ऐकल्या म्हणजे अकरा ऐकल्यासारख्याच. शितावरून भाताची परीक्षा.

बुधवार, २ ऑक्टोबर, संध्याकाळ
आली. सावळारामाच्या गाडीवर मागे बसून. गांधी जयंतीची सुट्टी. केस कापलेत, छान दिसतात. ती आल्या आल्या मी आल्बमचा विषय काढला. तिला खरंच आनंद झाला.
"आजी, तू अकराच्या अकरा ऐकल्यास?"
मी म्हटलं, तर काय.
"सातवी कशी वाटली गो?"
मी म्हटलं, सगळ्यात झकास.
ती हसत सुटली. सातवी कोरी निघाली. मीपण हसले. अशी हसलो आमी, की आबा बाहेरून बघायला आले.
मग तिने बॅगेतून एक चकती काढली, सीडी म्हणतात तिला. ह्या सगळ्या कॅसेटी तिच्यात आहेत, वर आणखी पंधरा आल्बम. मी विचारलं, मग ह्या केव्हा नेतेस?
"टाकून दे ना आजी. तेव्हा बॅगेत जागा नव्हती, म्हणून राहिल्या."
मी म्हटलं, बरोबर आहे, बॅग लहानच होती.
आबा म्हणाले, टाकता कशाला, भातावर पाखरं पडलीत, पट्ट्या बांधू. वाऱ्यावर घूं घूं वाजतात, पाखरं बिचकतात. ती उड्या मारत निघाली. मी काठ्या धरल्या, ती कॅसेटी फोडून पट्ट्या ओढत होती आणि गाठी मारत होती. कोणत्या काठीला कोणता आल्बम तेपण ओरडून सांगत होती. चार तास. कॉलेज सांगितलं, मैत्रिणी सांगितल्या. आईला बरं नव्हतं तेव्हा तिने भाकऱ्या केल्या तेपण सांगितलं. अनिता आजारी होती. मला कुणी कळवलं नाय. कळवणार तरी कसं.
पाचला गेली.

रविवार, २० ऑक्टोबर
आज मीच फोन लावला. अनिताने उचलला. मी म्हटलं, तब्येत कशी आहे. ती म्हणाली, बरी आहे. मी म्हटलं, मी त्या दिवशी बोलले ते... आणि पुढचं ठरवून गेलेले ते आठवेना. ती थांबली होती. मग म्हणाली, दिवाळीला आमाला यायला जमणार नाय आई, दर्शनाचा क्लास आहे.
मी म्हटलं, क्लास महत्त्वाचा.

रविवार, २७ ऑक्टोबर
पाखरं चौथ्या दिवशीच सरावली होती. आता पट्टीवरच ओळीने बसतात. आज हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी झाली. आबा म्हणाले, काठ्या उपटू, पट्ट्या तोडून टाकू. मी तोडू दिल्या नाय. गाठी पोरीच्या हातच्या आहेत. काठ्यांभोवतीचं हात हातभर भात मी तसंच उभं ठेवलं, पट्ट्यांना विळा लागेल म्हणून.
ते पाखरं खातायत. खाऊ देत.