पुंजाराम गुरुजी सोडून सगळे

३ नोव्हेंबर १९७४, रविवार. मंठा.

आज वडीगोद्रीहून साहेबरावच्या लग्नाचा ग्रुप फोटो आला. साहेबराव म्हणजे माझा मेहुणा. फोटो काढणारे माझे साडूभाऊ, पुंजाराम गुरुजी, जालन्याच्या हायस्कुलात मास्तर. फोटोत सासरे कारभारीमामा आहेत, चांगुणामामी आहेत, नवरा-नवरी आहेत, आचारी आहे, विहाराबाहेर बांधलेली एक शेळीसुद्धा आहे. अख्खी. उजव्या टोकाला मी आहे. म्हणजे माझा उजवा कान आणि थोडा खांदा.

कौसल्याला दाखवलं. ती म्हणाली, कान छान आलाय.

मी सूडबुद्धीचा माणूस नाही. गुरांच्या दवाखान्यात बारा वर्षं नोकरी केली, लाथा खाल्ल्या, कुठल्या म्हशीवर राग धरला नाही. पण म्हशीला कळत नसतं. मास्तरला कळतं.

संकल्प: स्वतःचा कॅमेरा घ्यायचा. संक्रांतीनंतर मामांना अजिंठा दाखवायला सगळं घर जाणार आहे. तिथं सगळ्यांचे फोटो काढायचे. पुंजाराम गुरुजी सोडून.

५ नोव्हेंबर, मंगळवार.

कोणता कॅमेरा, यावर दिवसभर विचार. गुरुजींचा मोठा, डब्यासारखा. गळ्यात अडकवून फिरतात. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं असतं तसं. लांबूनच कळतं, आले फोटोग्राफर.

माझा खिशात मावला पाहिजे. प्रवासात बरा, रोजच्या फिरतीत बरा, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला पत्ता लागत नाही. हा विचार गुरुजींना जन्मात सुचला नसता.

कौसल्या शिलाई मशीनबद्दल बोलून राह्यली होती. मी म्हणालो, पुढच्या वर्षी. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार. जालना.

गुरांची लस न्यायला आल्तो, तसाच एका फोटो स्टुडिओत गेलो. मालक कडूबा. विचारलं, खिशात मावेल असं काय आहे. त्यांनी मलाच विचारलं, कशासाठी पाहिजे? मी म्हणालो, प्रवासासाठी. खरं कारण कुणालाही सांगायचं नाही असं ठरलंय.

एक फारच बारका कॅमेरा दाखवला, चष्म्याच्या केसएवढा. पण त्याची फिल्म म्हणे परदेशातून मागवावी लागते. मी मूर्ख नाही. दुसरा जपानी, सेकंडहँड, हाफ-फ्रेम. मुठीत मावतो. साधा रोल चालतो आणि एका रोलमध्ये दुप्पट फोटो निघतात. मालकाचं मत पडलं की नवीन माणसानं साधा डबा घ्यावा, गुरुजींसारखा. गुरुजींचं नाव काढल्याबरोबर ओळखलं. यांची मिलीभगत आहे.

जपानीच घेतला. मला कोणी सल्ला दिला की मी उलटं करतो, आणि तेच बराबर ठरतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती अंतर लावायचं कडं आहे, त्यावर तीन चित्रं आहेत. एक मुंडकं, दोन माणसं, एक डोंगर. जवळ, मध्यम, लांब. मी डोंगरावर लावून ठेवला. अजिंठा म्हणजे डोंगरच. उगाच रोज फिरवाफिरवी नको, बिघडतं.

टेलरकडून सदऱ्याला आतून खिसा शिवून घेतला. कशासाठी म्हणून विचारत होता. म्हणालो, सरकारी काम.

१८ नोव्हेंबर, सोमवार. आष्टी कॅम्प.

कॅमेरा खिशात घालून पहिला दिवस. गुप्तता शंभर टक्के. चार जणांनी तंबाखू मागितली. एकानं चुनाही मागितला. मी दिला नाही, तर म्हणाला, डॉक्टर मोठे झाले. आम्हाला इकडं डॉक्टरच म्हणतात.

सदरा डाव्या बाजूनं ओघळतो. त्यामुळं मी छातीवर हात ठेवून चालतो. साहेबांनी विचारलं, दुखतंय का. अर्ध्या दिवसाची रजा देऊ केली. घेतली.

२४ नोव्हेंबर, रविवार.

प्रॅक्टिस. माणसाला फोटोतून बरोब्बर वगळणं सोपं नसतं. एका म्हशीचा काढला, मालक सोडून. मालक म्हशीचं दावं धरून उभा. फाइंडरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीतून, बघत एक पाऊल डावीकडे सरकलो, मालक गायब. नुसतं दावं दिसत होतं. दाबलं.

मालकाला अंदाज आला असावा. तो म्हणाला, म्हैस माझी हाय, मंग मी का न्हाई? मी म्हणालो, तांत्रिक अडचण.

गुरुजींनाही हेच उत्तर द्यायचं. पाठ करून ठेवलं.

१५ डिसेंबर, रविवार.

कौसल्याचं म्हणणं, रोल धुऊन बघा, कसे येतात ते तर कळू दे. हिला हिशेब कळत नाही. निम्मासुद्धा संपलेला नाही. अर्धवट रोल धुणं म्हणजे फालतू खर्चा. शिवाय मी फाइंडरमध्ये स्वतःच्या डोळ्यानं बघितलंय. दिसलं तेच येणार. कॅमेरा काय खोटं बोलतो?

५ जानेवारी १९७५, रविवार.

वाईट बातमी. गुरुजीही कॅमेरा आणणार. म्हणजे मामा त्यांच्याकडे बघून बसणार आणि माझ्याकडे पाठ. रात्री जेवलो नाही. कौसल्यानं विचारलं, काय झालं. म्हणालो, पित्त.

१२ जानेवारी, रविवार.

नशीब बिलकुल माझ्या बाजूनं. गुरुजींचा निरोप आला. त्यांनी कॅमेरा शाळेच्या गॅदरिंगला दिला, तिथं तो पोरांनी पाडला. आता फोटोची जबाबदारी तातेरावांची, म्हणजे माझी, असं त्यांनी स्वतःच कळवलंय. शेवटी लिहिलंय, तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर.

शत्रूनं स्वतःच तलवार हातात दिली. मी दोनदा जेवलो.

१९ जानेवारी, रविवार. अजिंठा.

सकाळी ९. पोचलो. मामा, मामी, आम्ही दोघं, गुरुजी आणि प्रभावतीताई, साहेबराव आणि त्याची बायको. मामांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला भितात. इथं येण्याचा हट्ट त्यांचाच. नजर हाय तवर बघून घेतो, म्हणाले.

९.३०. पायऱ्या. गुरुजींनी मामांचा दंड धरला. फाइंडरमध्ये मामा आणले, गुरुजी कडेबाहेर. दाबलं. यश.

१०. मामी, प्रभावतीताई आणि कौसल्या दगडावर बसल्या. गुरुजी मध्येच येऊन उभे राहिले. मी म्हणालो, गुरुजी, तुम्ही जरा मागं सामानाजवळ थांबता का, इथं माकडं आहेत. लगेच गेले. चारही पिशव्या खांद्याला अडकवून लांब उभे राहिले. त्यांना बाहेर ठेवून दाबलं. यश.

११. व्हरांड्यात सगळे. गुरुजी खांबाजवळ, बराबर कडेच्या बाहेर. प्रभावतीताई म्हणाली, अहो, तेही येऊ द्या की. मी म्हणालो, तांत्रिक अडचण. गुरुजी म्हणाले, असू द्या, मामा आले म्हंजे झालं.

हे बोलणं मला आवडलं नाही. एवढं साळसूद बोलायची गरज नव्हती.

१२.३०. शेवटच्या बाजूच्या एका लेण्यात भिंतीच्या लांबीचा निजलेला बुद्ध आहे. आत अंधार. मामीनं हात जोडून त्रिशरण म्हटलं, आम्ही मागोमाग. मामांना काही दिसेना. तोंड वर करून नुसते उभे. मग विचारलं, "पुंजाराम, चेहरा कसा हाय?"

गुरुजी मूर्तीच्या तोंडाजवळ जाऊन निरखत राहिले. मग म्हणाले, "मामा, दिवसभराचं काम संपवून माणूस निजतो ना, तसा हाय. कुनाचं काही देणं ऱ्हायलेलं न्हाई असा."

मामा मान हलवत राहिले. मामीनं पदरानं त्यांचे डोळे पुसले.

मी त्या वेळी खांबामागून अँगल शोधत होतो. मूर्तीचा चेहरा मी नीट पाहिला नाही. फोटोत बघू.

४. परत. रोल संपला. गुरुजी एकाही फोटोत नाहीत. इतिहासात एवढा सफाईदार सूड क्वचितच घेतला गेला असेल.

२ फेब्रुवारी, रविवार.

फोटो आले.

पुन्हा मोजून पाहिले. अजिंठ्याचे जेवढे आले, त्या सगळ्यांत गुरुजी आहेत.

पायऱ्यांवर आहेत. व्हरांड्यात आहेत. दगडावर बायका धुरकट, ओळखू येत नाहीत, आणि मागं लांबवर चार पिशव्या घेऊन गुरुजी इतके स्पष्ट की शर्टाची बटणं मोजावीत. लेण्यातला फोटो नुसता काळा. म्हशीचा मालकसुद्धा आलाय, आणि म्हैस धूसर.

धुणाऱ्यानं काहीतरी केलंय. केमिकल. किंवा अजिंठ्याचं ऊन. मी डोंगरावर लावला होता, यात माझी चूक शून्य.

कौसल्या हसत सुटली. पदर तोंडात घातला तरी थांबेना. मी सांगितलं, हे फोटो कुणालाही दाखवायचे नाहीत, चुलीत घाला.

५ फेब्रुवारी, बुधवार.

फोटो सापडत नाहीत. कौसल्या म्हणाली, कालच साहेबरावबरोबर वडीगोद्रीला पाठवले, आई-बाबांना कधी बघायला मिळणार. लग्नाला चौदा वर्षं झाली, या बाईनं पहिल्यांदाच माझं ऐकलं नाही. की पहिल्यांदाच मला कळलं, कोण जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार. वडीगोद्री.

बोलावणं आलं होतं. प्लॅन: आधी आपणच कॅमेऱ्याला शिव्या द्यायच्या.

तशी वेळच आली नाही. ओट्यावर सगळं घर बसलेलं. मामा पायऱ्यांचा फोटो नाकाला लावून बघत होते. त्यांना कितपत दिसतंय देव जाणे. बोटानं चाचपत म्हणाले, हा मी, आन् हा माझा दंड धरलेला पुंजाराम. मामी म्हणाली, दुसऱ्या कुनी काढला असता तर माझी लेकरं-बाळं काढली असती, जावयाला कोन बघतंय. तातेरावाचं मन मोठं.

प्रभावतीताई रडली. तिचं म्हणणं, गुरुजींनी आजवर सगळ्यांचे फोटो काढले, लग्नं, बारशी, शाळेच्या सहली, पण कॅमेरा त्यांच्याच हातात, त्यामुळं त्यांचा एकही फोटो घरात नाही. त्यांना कुणी म्हटलंच नाही की तुम्ही उभे राहा.

गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं, आता कळलं यांना. ते म्हणाले, "फाइंडरमधी दिसतं त्याच्यापेक्षा फिल्मवर चारी बाजूंनी जास्ती येतं. हे मला लई उशिरा कळलं. मंग त्या भरवशावर कडंच्या लोकांना फाइंडरबाहीर ठिवायला लागलो, तर सायबरावच्या लग्नात तुम्हीच कापले गेलात. कडंला कोन हाय ते मला नीट दिसलंच न्हाई. तुम्ही ते आधीच वळखलं. मला कडंला ठिवून आत घेतलंत. आन् नजर लांबवर लावलीत, माझ्यावर."

मी म्हणालो, तांत्रिक बाब आहे.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. जालन्यात एवढी वर्षं झाली, पण जवळचं म्हणावं असं माणूस न्हाई, असं म्हणाले. परत येताना बसमध्ये कौसल्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. खांदे हलत होते. मी विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.

संकल्प: सूड रद्द. नाही, रद्द नाही, स्थगित. पुढं योग्य संधी बघून. तोपर्यंत कॅमेरा कपाटात. साडूभाऊ जालन्यात, मी मंठ्यात, वर्षातून दोनदा गाठ. एवढं अंतर पुरेसं आहे.

८ जून, रविवार.

गुरुजींच्या संस्थेची शाळा मंठ्यातही आहे, हे मला माहीत नव्हतं. बदलीचा अर्ज त्यांनी फेब्रुवारीतच दिला होता, हेही नाही. मंजूर झाल्याचं कौसल्याला माहीत होतं. खोली तिनंच बघितली. आमच्या भिंतीला लागून.

सामानाची ट्रॅक्टर-ट्रॉली दुपारी आली. कपाटाचं जड टोक मी धरलं. गुरुजी म्हणत होते, सोडा, तुमच्या छातीला तरास हाय. हे त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे.

संध्याकाळी ओट्यावर चहा. गुरुजी म्हणाले, आता इथून रिटायर होईपर्यंत हलायचं न्हाई, रोज संध्याकाळी बसत जाऊ. मी सहज त्यांचं जन्मवर्ष विचारलं.

थोरले साडू म्हणून इतकी वर्षं मान दिला. माझ्यापेक्षा धाकटे निघाले. म्हणजे आधी मी रिटायर होणार, आणि त्यानंतरही हे भिंतीपलीकडे असणारच.