नकाशाचा कोपरा

शनिवार, कार्तिक वद्य पंचमी. जव्हार.

इंजिनियरिंगच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आज परत आला. कचेरीतल्या थोरल्या कारकुनांनी मलाच बोलावून हातात दिला.

"मुलींसाठी नियमच नाही, ताई. पुण्यात तुम्हाला वसतिगृहात घेणार कोण? तुमच्या वडिलांनी, अप्पांनी, मोजणी शिकवली ना? आता दारातली रांगोळी सरळ येईल, झालं!"

बाकीचे हसले. अर्जाला जोडलेला साखरशेतच्या बंधाऱ्याचा नकाशा तेवढा मी परत मागितला. त्यासाठी तीन आठवडे अप्पा आकड्यांची उंच पट्टी धरून उभे राहत आणि मोजणीच्या दुर्बिणीतून आकडे मी घेत असे.

"तो राहू द्या. साहेबांना पसंत पडलाय. दुरुस्ती त्यावरूनच करायची आहे."

नकाशा चालतो, मग अर्ज का नाही? हे तिथेच विचारायला हवे होते.

घरी अर्ज उलगडला. टाचणीला नकाशाचा उजवा खालचा कोपरा कापून लावलेला होता. काढणाऱ्याचे नाव त्याच कोपऱ्यात घालायचे, हे अप्पांनीच शिकवले होते. म्हणून मी माझे घातले होते.

"काय म्हणाले?" अप्पांनी विचारले.

"नियम नाही म्हणाले."

कोपरा दाखवला नाही. त्यांना रोज त्याच कचेरीत कामाला जायचे आहे.

बंधारा माझ्या आकड्यांवर उभा राहील. ते दोनदा ताडून पाहिले आहेत, चूक नाही. पुन्हा अर्ज करणार नाही.

आता कोपरा मोजला. दोन इंच लांब, एका टोकाला सव्वा इंच रुंद, दुसऱ्या टोकाला एक. कापताना पट्टीसुद्धा लावली नाही.