मागे पट्टा असलेली चप्पल

प्रिय चिंगे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, चालायला बूट आहेतच, पण मुक्कामावर बूट काढल्यावर घालायला काहीतरी हलकं घ्या. पाठीवर सगळं आपल्यालाच वाहायचंय." मी हो म्हटलं आणि दुकानातून नेमकं उलटं घेऊन आलो. जाड तळ, पुढून बंद, मागे पट्टा. सॅकमध्ये वीट भरल्यासारखं वाटतं. तू वैतागणार, म्हणून आधीच लिहितोय.

गेल्या वर्षी तुला रजा मिळाली नाही आणि मी लंबूकाकाबरोबर डोंगरात भटकायला गेलो, तेव्हा मीही हलकंच नेलं होतं. पुठ्ठ्याएवढ्या तळाच्या सपाता. दिवसभर बुटात उकडलेले पाय मोकळे झाले की काय बरं वाटतं, तुला ठाऊकच आहे. ऊन उतरत होतं. मी ओढ्यावरून पाणी आणलं, काटक्या गोळा केल्या, तंबूत दहादा आत-बाहेर केलं. लंबू चहा ठेवत होता. मधेच म्हणाला, "कुणाला लागलंय रे?" तंबूच्या कापडावर लाल ठसे उमटले होते. मी म्हटलं, "तुलाच लागलं असणार, धडपड्या." त्याने पायांचे दोन्ही तळवे वर करून दाखवले. कोरडे होते. मग मी माझी सपात काढायला गेलो, तर ती निघेना. बोटभर काटा तिच्यातून आरपार जाऊन पायात रुतला होता. लंबूने तो उपटला, तेव्हा तोंड त्याचंच वेडंवाकडं झालं. मी नुसता बघत होतो. दुखलं नाही, चिंगे. काही म्हणजे काहीच नाही.

दमल्यामुळे पाय बधिर झालेत, असं त्याला सांगितलं आणि स्वतःलाही. पण पुढे आपल्या दुकानात कपडे शिवायला बसलो की लक्षात यायला लागलं, पाय पायडलवर आहे की नाही हे मला मशीनच्या आवाजावरून कळतं. आवाज थांबला की खाली वाकून बघायचं. आता गरम पाण्यात पाय घालायची धास्ती वाटते. आधी कोपर बुडवून बघतो, तुला आंघोळ घालताना बघायचो तसं.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डोळे मिटायला सांगून त्या म्हणाल्या, "तळव्याला दोरा लावतेय. लागला की हो म्हणा." मी वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने विचारलं, "कधी सुरू करताय?" त्या म्हणाल्या, "झालं, काका." साखरेने नसा गेल्यात. न कळलेली जखम चिघळली तर पाऊलही जातं, हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. घरी येताना रस्ताभर मी खाली बघत चाललो.

चपलांच्या दुकानातही आधी तू म्हणतेस तसल्याच हलक्या घालून बघितल्या. जरा पुढे गेलो, तर दुकानदार मागून म्हणाला, "काका, एक इथेच राहिली." बघतो तर एक पाय उघडा. तेव्हा पट्ट्याची मागितली.

आईला यातलं काही माहीत नाही. सांगितलं तर ती मला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही. डॉक्टरीणबाई मात्र जा म्हणाल्या, एकाच अटीवर. रोज संध्याकाळी कुणीतरी माझे दोन्ही तळवे उजेडात नीट बघायचे. मला वाकून तिथवर दिसत नाही. जमिनीवर आरसा ठेवून बघितलं, पण काय दिसेल या भीतीने डोळेच मिटले जातात. लेकीपुढे पाय कसे पसरायचे, म्हणून फोनवर जीभ रेटली नाही. बूट काढले की चहाच्या आधी तू बघशील का? आणि काही दिसलं तर लपवू नकोस, लगेच सांग. तोवर मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन.

तुझाच,
बाबा