वाघदेवाचा दगड आणि लाल बूट

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. पेठच्या डोंगरातली ती कड मला काशीरामदादांनी दाखवली. टोकाला त्यांच्या पाड्याच्या वाघदेवाचा दगड आहे, तिथं अनवाणीच जायचं. आज दादांबरोबर गेलो तर पाच जण बुटांसकट देवावर उभे राहून फोटो काढत होते! मी माझे बूट हातात घेऊन धावलो. "उतरा खाली! लाज नाही वाटत?"

एकाने मोबाईल दाखवला. "काका, हा फोटो दगडावरूनच येतो."

फोटो माझाच. एकटा आलो होतो तेव्हाचा, जागेच्या नावासकट मीच टाकलेला. खालच्या कोपऱ्यात लाल बुटाचं टोक. मला कसं दिसलं नाही ते?

दादांनी फोटो निरखला. "भाऊ, बूट तुझा हाय?"

मी "नाही" म्हणालो. तेच लाल बूट हातात धरून.