चौथा कोपरा

सिहोरा

चि. भुपेंद्रभाऊजी यांस रुखमिणीवहिनीचे आशीर्वाद.

इकडे घर, गाय आणि मी, तिघेही बरे आहोत. माझ्या धाकट्या जावेची, मेघाची, कंबर कशी आहे? तिला म्हणावे, वाकून काही उचलू नको. (मी अजून तांदळाचे कट्टे उचलते, पण मी सांगते ते ऐकावे, करते ते पाहू नये.) खरे तर फोनच करायला हवा होता. पण आवाजातली लाज लपवता येत नाही, म्हणून पत्र. तुमचे भाऊ ज्या जुन्या पेपरांत पुड्या बांधत ते वाचून मी अक्षरे शिकले, तेव्हा काना-मात्रा सांभाळून घ्या.

त्यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आपल्या बचत गटाच्या चिन्नोर तांदळाच्या पाकिटांसाठी तो काळा-पांढरा चौकोन बनवून आणलात. समोर मोबाईल धरला की तांदळाची सगळी माहिती उघडते, हेही समजावलेत. नेमके तुमसरचे छापखानेवाले भैय्याजी जेवायला आलेले, आणि त्यांच्या खिशात दुसरा चौकोन होता, निळ्या-पिवळ्या-गुलाबी तिकोनांचा. (श्राद्धाला नमुना घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.) तुम्ही म्हणालात, “वहिनी, रंगीत वाचाले मोबाईलमंदी अलग सॉफ्टवेअर टाका लागते. हा साधा बहुतेक मोबाईलवर चालते. एक डाव उघडून तं पाहा.” आणि मी भर पंगतीत म्हणाले, “कायले पाहू? माह्या घरात काळ्या-पांढऱ्याची कमी आहे का?” भैय्याजी हसले. तुम्ही पान अर्धे टाकून उठलात. तेव्हापासून तुमचा फोन नाही.

खरे सांगते. वर्षभर घरात तांदूळ पांढरा, भिंतीला चुना पांढरा, माझी लुगडी फिकट. ते रंग पाहून माझा जीव हरखला. त्याच दिवशी हरखला, याची मलाच इतकी लाज वाटली की मी तोंड सोडले ते तुमच्यावर.

पुढे नागपूरच्या प्रदर्शनात आम्ही भैय्याजींच्या रंगीत चौकोनाची पाकिटे मांडली. लोक मोबाईल धरत, हलवत, पुसत. एका साहेबांनी विचारले, “काकू, हे गोधडीचं डिझाईन आहे का?” दुसऱ्याने ते सॉफ्टवेअर घ्यायला सुरुवात केली, आणि ते येईपर्यंत शेजारच्या दुकानातले पापड घेऊन तो घरीही गेला. भैय्याजींना फोन लावला, तर म्हणाले, “रुखमिणीबाई, मालात खराबी नाही. पब्लिकच मागं आहे.”

मग मी तुमचा कागद पिशवीतून काढला. (होय, नेला होता. का, ते विचारू नका.) तिथल्याच एका दुकानातून त्याचे स्टिकर छापून घेतले आणि गटातली सत्यभामा व मी रंगीत चौकोनांवर ते डकवत बसलो. इतक्यात ती म्हणाली, “माय वं, तीन कोपऱ्यांत डोळे हायेत अन् चौथा रिकामाच! तुहा देवर भुलला वं.” मी म्हणाले, “घाई. लहानपणापासून असाच आहे.” आपल्याकडे पाटाखाली रांगोळीचा चौक घालताना कोणी कोपरा उघडा ठेवते का? आम्ही मोजपट्टी लावून काळ्या पेनने चौथा डोळा भरला. प्रत्येक पाकिटावर. तीन छापलेल्या डोळ्यांपेक्षा आमचाच सुबक आला.

दुसऱ्या दिवशी एकही मोबाईल वाचेना. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की देवर शिकलेला आहे हो, पण विसराळू. शेवटी कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “काकू, तो कोपरा मोकळाच असतो.” पेनची शाई संपल्याने शेवटचे एक पाकीट मात्र तसेच राहिले होते. तिने त्यावर मोबाईल धरला आणि ते उघडले. काय उघडले ते लिहायला इथे जागा नाही. (जागा आहे, धीर नाही.)

असो. मला आता रंगीतही नको आणि काळे-पांढरेही नको. पाकिटांवर हाताने नाव लिहीन. चुकले माझे. राग सोडा.

तुमची वहिनी,
रुखमिणी

ता. क. मोबाईलमधून तुमचे भाऊ बोलले. “आमचा चिन्नोर शिजला का शेजाऱ्याले वासानंच समजते,” असे ठसक्यात. मग रेकॉर्डिंग बंद झाले असे समजून हळू आवाजात, “बस कर बे भुप्या, तुही वहिनी आयकन तं हासन मले.” तुम्ही ‘उघडून पाहा’ म्हणत होता ते हे होते तर. भाऊजी, मी खरेच हसले. इतकी की पापडवाली पाणी घेऊन धावत आली.

ता. क. दुसरा. ती मुलगी ते पाकीट विकत घेऊन गेली. मी परत मागितले, पण तिच्या आईला तांदूळ पसंत पडला होता. बाकी सगळ्या पाकिटांना चौथा डोळा आहे. तुमच्या मूळ कागदालाही आहे, कारण सत्यभामाने आधी त्याच्यावर हात बसवला.

ता. क. तिसरा. वर ‘नको’ लिहिले ते खोडलेले समजा. माझा मोबाईल नुसता बटणांचा आहे. मेघाचा जुना, फोटो काढणारा पडून असेल तर घेऊन या, आणि तो चौकोन नवा छापून आणा. पोस्टाने पाठवू नका, स्वतः या. पान वाढायचे राहिले आहे. चौथ्या कोपऱ्याला मी हात लावणार नाही, आणि सत्यभामाला त्या दिवशी बोलावणारच नाही.