बाळ म्हटल्यावर पहिला शब्द

सोमवार, ४ मार्च

माणसं कमी पडली म्हणून नवऱ्यालाच प्रयोगाला बसवलं. काम सोपं — पडद्यावर शब्द येतो, मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. किती पटकन बोलला, त्यावरून त्या दोन गोष्टींची डोक्यातली गाठ किती घट्ट ते आम्ही मोजतो. 'मीठ' आलं की सगळे 'साखर' म्हणतात. हाही म्हणाला.

'बाळ' आल्यावर मात्र चांगला चार सेकंद गप्प. मग — 'दार'!

दार?

मंगळवार, ५ मार्च

काही म्हणजे काही कळत नाही. शुक्रवारी दत्तक संस्थेच्या बाई घर बघायला येणार, अर्जावर दोघांच्या सह्या झाल्यात, आणि याला दार सुचतं! उघडं की बंद? नणंदेला फोन केला. म्हणाली, "अगं वहिनी, बाळ रांगायला लागलं की दार लावावंच लागतं." क्षणभर पटलं. मग वाटलं, बहीण कुणाची? त्याचीच बाजू घेणार.

बुधवार, ६ मार्च

प्रयोग ज्यांच्या हाताखाली चालतो त्या मॅडमना विचारलं, उत्तर कुणाचं ते न सांगता. उशीर म्हणजे गाठ सैल ना? म्हणाल्या, "सैल असेल, नाहीतर इतकी गुंतलेली असेल की धागाच सुटेना. एका माणसावरून काय सांगणार? शंभर जणांना विचार."

शंभर नवरे कुठून आणू!

घरी येऊन त्याच्याशी भांडले, गॅस नीट बंद करत नाहीस म्हणून. गॅस बंदच होता.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी चहा घेताना विचारलंच शेवटी. दार कुठून आलं तुझ्या डोक्यात? तो हसायलाच लागला. "अगं, तू दारात उभी होतीस, कान टवकारून! तू ऐकतेयस म्हटल्यावर काय बोलणार? समोर दिसलं ते बोललो."

"मग खरा पहिला शब्द कुठला आला होता?"

"तू."

इतकं बरं वाटलं! डोळेच भरून आले. तीन दिवस उगाच राईचा पर्वत केला मी.

गुरुवार, दुपारी

प्रयोगाची खोली रिकामी होती. गंमत म्हणून स्वतःच बसले. 'बाळ' आलं. जराही वेळ लागला नाही. तोंडातून नवऱ्याचं नाव बाहेर पडलं.

म्हणजे मी हो म्हटलं ते त्याच्यासाठी. त्याने माझ्यासाठी. उद्या अकरा वाजता त्या बाई येतील.

मग बाळ हवंय कुणाला?