बांधावरच्या पाहुण्यांची सोय

मी, जिनेंद्र सोहनलाल पहाडे, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे आणि उरलेल्या वेळात एका दैनिकाला बातम्या पाठवणे, राहणार मस्तगड, जुना जालना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी जागेवर आहे. हृदयही जागेवर आहे, पण कामचुकार झाले आहे असे संभाजीनगरच्या डॉक्टरांचे मत पडले. पुढच्या आठवड्यात ते छाती उघडून त्याची समजूत घालणार आहेत. "काळजीचं काही नाही," असे ते तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आमचे वकील अण्णासाहेब समोर बसून "मास्तर, आटपतं घ्या" असे अधूनमधून म्हणत आहेत. ते दडपण धरू नये.

कलम १. मस्तगडचे राहते घर माझी एकुलती मुलगी पलक हिला. जिन्याची तिसरी पायरी हलते. पलकला ते ठाऊक आहे, जावयांना सांगावे.

कलम २. घराच्या तळमजल्यावरचे दुकान पुतण्या नमन याला, कायमचे. तो तेथे बियाणे आणि फवारणीची औषधे विकतो. विषाला औषध म्हणण्याची आपल्या जिल्ह्याची रीत आहे, तिचा दोष एकट्या नमनवर नाही. तणनाशक विकू नये अशी अट घालता येईल का, असे मी विचारले. "घालता येईल, टिकणार न्हाई," अण्णासाहेब म्हणाले. म्हणून अट नाही. काकाची इच्छा होती, एवढे त्याने गिऱ्हाईक नसेल तेव्हा आठवावे.

कलम ३. संस्कृतची पुस्तके शाळेला. मुख्याध्यापिका उषाबाई यांनी एका पावसाळ्यात नेलेली माझी छत्री अद्याप आलेली नाही. तिच्यावरचा हक्क मी सोडत नाही. सोडला तर उषाबाई लाभार्थी ठरतील, आणि या मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा अण्णासाहेबांचा दंडक आहे. मला त्यांची सही हवी आहे.

कलम ४. हसनाबाद शिवारातील चार एकर मोसंबीची बाग, विहीर, मोटार आणि ठिबकच्या नळ्यांसह पलकला. ठेवावी, बटाईने द्यावी, विकावी. पूर्वेचा बांध मात्र वेगळा समजावा. हे मृत्युपत्र खरे तर त्या बांधासाठी आहे. वरची कलमे त्याला सोबत म्हणून आली.

कलम ५. बांधाच्या पलीकडे सर्जेरावांची मोसंबी. बांध आम्हा दोघांचा, द्वंद्व समासासारखा: दोन्ही पदे सारख्या मानाची. आमच्या भागात बांधावरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आम्ही दोघे वर्षानुवर्षे त्याच बांधावर बसून जेवलो. भाकरी माझी, ठेचा त्यांचा. मी जैन, म्हणून लसणाचा असला की ते माझ्याकडे पाठ करून खात आणि विचारत, "मास्तर, वास तर चालतो ना?"

आमच्या घरी धान्य-मसाले निवडताना ज्यात किडा निघेल ते शिजवायचे नाही, आणि किडा मारायचाही नाही. म्हणून माझी पत्नी रूपल किडके धने, बडीशेप, शेपूचे बी, चवळी असे सगळे एका पत्र्याच्या डब्यात जमवी आणि बागेत गेलो की किड्यांसकट बांधावर सोडून येई.

"वहिनी, किडे पाळून राह्यल्या का?" सर्जेराव विचारत.

"पाळून न्हाई भाऊ, घर बदलून देऊन राह्यले."

चातुर्मासात हिरवे तोडायचे नाही हे तिचे व्रत होते, आणि उन्हाळ्यात बांध पेटवायचा नाही हा तिचा हुकूम. दोन्ही मिळून तेथे जे माजले त्याला मी दंडकारण्य म्हणत असे. तरवड, एरंड, एकदांडी आपणहून आलेले. बडीशेप आणि धने डब्यातून उतरलेले.

पलक परभणीला कीटकशास्त्र शिकायला गेली आणि पहिल्याच सुट्टीत भिंग घेऊन त्या बांधावर पालथी पडली. संध्याकाळी जेवताना तिने आम्हाला तिथली पंगत समजावून सांगितली. मोसंबीच्या कोवळ्या पानांतला रस शोषणारे मावा आणि सायला हे आपले शत्रू. क्रायसोपा नावाचा हिरवा, जाळीदार पंखांचा किडा असतो. त्याची अळी या शत्रूंवर तुटून पडते, पण तोच मोठा झाला की परागकण आणि मध यांवर राहतो. सिरफिड माशीचेही तसेच. बाळपण मांसाहारी, प्रौढपण शाकाहारी.

"आपल्याकडं काही जणांचं उलटं असतं," मी म्हणालो. नमन तेव्हा कॉलेजात होता आणि पुण्याहून नुकताच आला होता. त्याने ताटाकडे बघितले.

सायलाच्या पिलांवर अंडी घालणारी एक गांधीलमाशी असते, ती मोहरीहूनही लहान; तिची अळी त्या पिलांना खाऊनच वाढते. तिचे तोंड इतके आखूड की खोल फुलातला मध तिला पोचत नाही. तिला बडीशेप, धने, शेपू यांचीच उघडी, उथळ फुले लागतात. चवळी आणि एरंड फुलाबाहेर, देठापाशीही मध पाझरतात. तिथेही तिची सोय होते. मावा खाणाऱ्या ढाल किड्याला तो मिळेना, तर तो परागावर दिवस काढतो. आणि बहार धरण्यासाठी आपण मोसंबीला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो, तेव्हा अख्ख्या बागेत फूल नसते की पालवी नसते. त्या दिवसांत ही मंडळी जगतात ती बांधावर. बांधाने जगवली, तर पालवी फुटताच कामावर हजर.

मी रूपलला चिडवले, "म्हणजे तू मारत नाहीस, मारणाऱ्यांना जेवू घालतेस. हे पाप कोणाच्या नावावर?"

ती फुलका वाढत म्हणाली, "जेवायला घालावं. जेवून उठल्यावर कोण कुठं जातो, हे यजमानानं विचारू नये."

इतकी वर्षे न्यायाचे ग्रंथ चाळूनही मला याचे खंडन सापडलेले नाही.

रूपल तीन वर्षांपूर्वी श्रावणात गेली. सर्जेराव मस्तगडला बसायला आले, माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, बागेची बिलकुल फिकीर करू नका. मी हाय." सुतक फिटल्यावर मी बागेत गेलो. बांध लग्नघरासारखा साफ होता. तरवड, एकदांडी, बडीशेप तांबूस होऊन आडवी झाली होती. एरंड उपटून एका बाजूला नीट रचून ठेवले होते. सर्जेराव घाम पुसत पुढे आले.

"घरी एवढा प्रसंग, बांधाकडं कोण बघल? म्हनून मीच औषध मारून घेतलं. नमनशेठनं बी सस्त्यात देलं. बघा, कसं चकाचक दिसून राह्यलं."

त्यांचे डोळे रडून सुजलेले होते. रूपलच्या हातचे म्हणून जगात जे हिरवे उरले होते ते तेवढेच, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी "बरं केलंत" म्हणालो. त्यानंतर आजतागायत त्यांच्याशी धड बोललेलो नाही.

भांडण झाले असते तर मिटवता आले असते. उपकारावर रुसलेल्या माणसाने समेट कोणाशी करायचा? सर्जेरावांनी पहिल्या वर्षी दोनदा बांधापलीकडून हाक मारली, "मास्तर, काही चुकलं का माझं?" मी म्हणालो, "छे, बातमी पाठवायची घाई आहे." हसनाबादला त्या वर्षी इतक्या बातम्या घडत नव्हत्या. मग त्यांनी विचारणे सोडले. बागेतली पहिली मोसंबी ते अजून माझ्या विहिरीच्या कठड्यावर ठेवून जातात. मी ती खातो. गोड असतात, हे कोणाला सांगितलेले नाही.

त्या हिवाळ्यात ताण दिला तेव्हा बांधावर कोणाच्या जेवणाची सोय नव्हती. पुढच्या पालवीला दोन्ही बागांत पाने वळली, चिकट झाली. तेवढेच कारण असेल असे म्हणण्याइतका मी अडाणी नाही. सर्जेराव हवेला दोष देतात आणि पंप पाठीला लावतात. बांधावर आता गाजरगवत आहे.

डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी त्यात दरवर्षी भर घालत आलो, पण बागेकडे जाताना उचलला नाही. निवडणे मला रूपलइतके जमत नाही, त्यामुळे आत किडे भरपूर आहेत.

तरी पलकने, अथवा तिच्यानंतर जो कोणी मालक होईल त्याने, माझ्या हिश्श्याचा बांध विहिरीपासून ओढ्यापर्यंत नांगरू नये, पेटवू नये, त्यावर तणनाशक मारू नये. आषाढ ते कार्तिक तेथे कोयता नेऊ नये. दर पावसाळ्याच्या तोंडी धने, बडीशेप, शेपू, चवळी टाकावी. विकत आणल्यास चांगले बी चालेल. किडे वारस होऊ शकत नाहीत असे अण्णासाहेब सांगतात. मी त्यांना वारस केलेले नाही. पाहुणे म्हणून नोंद घ्यावी.

कलम ६. हे कलम काढून टाकले आहे, पण का काढले ते लिहिणे भाग आहे. आधीच्या मसुद्यात मी तो डबा आणि पलकचे जुने भिंग सर्जेरावांना देऊन टाकले होते. अण्णासाहेबांनी चष्मा वर केला. "सर्जेरावला देता, मंग त्यालाच साक्षीला कसं बसवता? दोन्हीतलं एक करा."

मी चहा संपेपर्यंत विचार केला. मी गेल्यावर एक दिवस नमन तो डबा नेऊन देणार. सर्जेराव झाकण उघडून म्हणणार, "मास्तरनं मला किडके धने काऊन देले?" आणि उत्तर देणारा एकमेव माणूस फोनच्या टप्प्याबाहेर असणार. हे काही खरे नाही. म्हणून या मृत्युपत्राने सर्जेरावांना काहीही मिळत नाही. त्यांनी फक्त यायचे आहे, माझ्यासमोर बसून हे सगळे ऐकायचे आहे आणि सही करायची आहे. डबा मी जिवंतपणी, माझ्या हाताने देईन. त्याला कायद्याची हरकत नाही.

निरोप नमनबरोबर गेला आहे. ते येतील की नाही, सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी कोणी सहीसाठी बोलावले तर मी गेलो असतो का, याचा विचार करून पाहिला आणि सोडून दिला. खाली त्यांची जागा कोरी ठेवली आहे. न आल्यास शाळेचे शिपाई संपत दाराशी बसलेले आहेत; त्यांना दोन कप चहा झाला आहे.

कलम ७. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. शस्त्रक्रियेतून उठून हे पुन्हा वाचायची पाळी आली, तर विशेषणे कमी करीन. बांधाचे कलम तसेच राहील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि त्यांच्या देखत सही केली. वाचताना पाचव्या कलमाशी दोनदा थांबावे लागले, दम लागतो.

ठिकाण: मस्तगड, जालना
दिनांक: १८ मे २०२५
सही: जिनेंद्र सोहनलाल पहाडे

साक्षीदार १: उषाबाई. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली व मी त्यांच्यासमोर केली. छत्री सापडत नाही.

साक्षीदार २: सर्जेराव, राहणार हसनाबाद. मास्तरनं माझ्यासमोर सही केली, मी मास्तरसमोर केली. बांधाचं मला ठाऊक न्हवतं. वहिनीचं हाय हे एका शब्दानं सांगितलं असतं तर गवताच्या काडीला हात लावला नसता. डबा मिळाला. पेरणीच्या आत टाकतो म्हनलो आस्तो, पन कोणतं बी कुठं टाकायचं ते मला न्हाई माहीत. म्हनून डबा तसाच ठेवून राह्यलो. मास्तरनं दवाखान्यातून सोता यावं आन दाखवावं, तवर झाकण उघडणार न्हाई.